हर्षदा, तुझ्या नापासाचं कारण

हर्षदा, टेस्ट घेतली. रविवारी सकाळी, ठरली होती तशीच. तू म्हणत होतीस तशी झाली नाही आणि मी म्हणत होतो तशी तर मुळीच झाली नाही. तू असतीस तर संध्याकाळी फोन केला असतास. "किती जण रडले, सर?" हे आधी, आणि किती पास झाले ते नंतर. तुला जाऊन रविवारी तेवीस दिवस झाले होते. मी फोन हातात घेतो, तुझं नाव काढतो आणि ठेवून देतो. म्हणून शेवटी कागद घेतला. माझा लिहिण्याशी संबंध प्लांटमधल्या लॉगबुकपुरता, हे तुला ठाऊकच आहे. तिथे तापमान लिहायचो, प्रेशर लिहायचो आणि सही करायचो. मनातलं लिहायला तिथे रकाना नव्हता.

शोकसभेत लोक तुझ्याबद्दल छान बोलले. शांत, प्रेमळ, सोशिक. मी मागच्या खुर्चीत बसून मनात म्हणत होतो, हे कोणाबद्दल चाललंय? तू सोशिक कधी होतीस? माझ्याशी चोवीस वर्षं भांडलीस. फक्त आवाज न चढवता भांडायचीस, त्यामुळे बघणाऱ्याला वाटायचं की पोरगी सरांचं मुकाट्यानं ऐकून घेतेय. मग मला बोलायला उभं केलं. "ही माझी विद्यार्थिनी," एवढं बोललो आणि पुढचं काही सुचेना. तुझ्या नवऱ्यानं, प्रवीणनं, हाताला धरून खाली बसवलं. ज्याची बायको गेली त्यानं मला पाणी आणून दिलं, याची मला अजून लाज वाटते.

आपलं भांडण एकच होतं. तायक्वांदोच्या टेस्टला पोराला नापास करायचं की नाही. मी म्हणायचो, बेल्ट म्हणजे लग्नातला आहेर नव्हे, आला त्याच्या हातात ठेवला. ज्याला येत नाही त्याला नाही म्हणावं, म्हणजे तो जिद्दीनं शिकतो. तू म्हणायचीस, "करा नापास. पण मग दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जा." मी विचारायचो, घरी कशाला? "कारण दुसऱ्या दिवशी तो येत नाही, सर." मी हसण्यावारी न्यायचो आणि माझं ठेवणीतलं उदाहरण काढायचो. ते उदाहरण म्हणजे तूच. हिला मी बाराव्या वर्षी नापास केलं, म्हणून ही घडली. कितीतरी कार्यक्रमांत, तुला शेजारी बसवून, मी हे माईकवर सांगितलंय. तू खाली मान घालून साडीचा काठ नीट करायचीस.

एकदाच उलट बोललीस. अमळनेरच्या स्पर्धेहून परत येताना, एस.टी.त. पोरं मेडल गळ्यात घालून झोपली होती. तू म्हणालीस, "सर, मी आले दुसऱ्या दिवशी. ज्योती नाही आली. तिचं उदाहरण तुम्ही कधी देत नाही." मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

तो दिवस मला तुझ्याइतकाच आठवतो. दीपनगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीतला हॉल, पायऱ्यांवर नेहमीसारखी प्लांटच्या राखेची पातळ चादर. तू बाजूच्या खेड्यातून यायचीस. वडील केळीच्या बागेत जाता जाता साडेपाचला तुला सायकलवरून सोडायचे. दोन वेण्या, आईनं शिवलेला पांढरा ड्रेस, बाह्या चार बोटं जास्त. मागे तुझी मैत्रीण ज्योती, तू करशील ते करणारी. पिवळ्या बेल्टची टेस्ट होती. पहिला पूमसे, म्हणजे समोर कोणी नाही पण आहे असं समजून करायच्या अठरा हालचाली. अडवणं, ठोसा, लाथ आणि वळणं. शेवटाकडे तोंड उजवीकडे असतं आणि तिथून पाठीमागच्या दिशेला वळायचं असतं. उजवीकडून गेलं तर पाव फेरी. डावीकडून गेलं तर पाऊण फेरी, जवळजवळ स्वतःभोवती गिरकी. हॉलमधली सगळी पोरं पाऊण फेरी घेऊन वळली, कारण मी तसंच शिकवलं होतं. तू पाव फेरीत वळलीस. तुझं बघून ज्योतीही.

मी म्हणालो, "परत कर." तू परत तशीच वळलीस. मग हात खाली सोडून म्हणालीस, "सर, जवळून वळलं तरी तोंड तिकडेच होतं ना?" अगदी साधा प्रश्न होता. उद्धटपणा त्यात कणभर नव्हता. पण पालक बसले होते, माझे साहेब बसले होते आणि मी नवा कोरा ब्लेझर घातला होता. "शिकवलं तसं करायचं. दोघी नापास." तू विचारलंस, "का?" मी म्हणालो, "कारण विचारायचं नसतं."

ज्योती त्यानंतर हॉलवर दिसली नाही. मी चौकशी केली नाही. तू दुसऱ्या दिवशी साडेपाचला पायरीवर बसलेली होतीस, माझ्याही आधी. मला कुलूप उघडताना जो आनंद झाला, तो मी माझ्या शिकवण्याचा विजय समजलो.

आता ते सांगतो जे तुला समोर बसवून सांगायचं होतं. मला तायक्वांदो शिकवणारा माणूस प्लांटमध्ये बाहेरून कामाला आला होता. आठ महिन्यांत बदलून गेला. जाताना झेरॉक्सची एक पुस्तिका देऊन गेला. त्यात फोटो होते. एका फोटोत माणूस उजवीकडे तोंड करून उभा, पुढच्या फोटोत पाठमोरा. मधे तो कुठल्या बाजूनं वळला ते फोटोत कसं दिसणार? मी डावीकडून वळलो. खरं सांगू का, पाऊण फेरी मला जास्त रुबाबदार वाटली. बारा वर्षं मी दीपनगरच्या पोरांना ती गिरकी शिकवली. आसपास दुसरा क्लास नव्हता, त्यामुळे चूक दाखवणारं कोणी नव्हतं. एक तूच होतीस, बारा वर्षांची.

तू सतराची झालीस तेव्हा धुळ्याला प्रशिक्षकांचं शिबिर होतं. शिकवणारा माझ्या अर्ध्या वयाचा. शेवटच्या वळणाला त्यानं मला थांबवलं. "काका, जवळून वळायचं. हे असं कोणी शिकवलं तुम्हाला?" मी म्हणालो, "आमच्याकडे एक जण होता." एवढं खोटं त्या दिवसाला पुरेसं होतं, पण माझं तेवढ्यावर भागलं नाही. परतीच्या एस.टी.त पारोळा गेलं, एरंडोल गेलं आणि सबंध वाट मी ठरवत आलो की उद्या हर्षदाला बाजूला घेऊन सांगायचं. बाई, तुझं बरोबर होतं. सकाळी हॉलवर गेलो. तू पुढे उभी राहून लहानांचा सराव घेत होतीस. मी सगळ्यांना म्हणालो, "नियम बदललाय. वरून आलंय. आजपासून पाव फेरी."

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता विचारशील. मग तू पोरांकडे तोंड केलंस आणि म्हणालीस, "चला, आजपासून जवळून." त्यानंतर एकोणीस वर्षं आपण दोघं त्या विषयावर अवाक्षर बोललो नाही. तुझ्या लग्नात मी ती पुस्तिका प्लास्टिकचं कव्हर घालून तुला दिली, जुनी आठवण म्हणून. बाकीच्यांनी भांडी दिली. माझी बायको, तुझी काकू, मला म्हणाली होती, "पोरीला लग्नात झेरॉक्स कोण देतं?" मला आता वाटतं की तोंडानं सांगता येत नव्हतं म्हणून कागद दिला. तेव्हा एवढं कळलं नव्हतं.

पाचोऱ्याला तुझा क्लास सुरू झाला तेव्हा मी बघायला आलो आणि नाक मुरडून गेलो. एका पोराला लाथ जमेना, तर तू त्यालाच म्हणालीस, "मला शिकव." स्वतः मुद्दाम तोल घालवून पडलीस. ते पोरगं तुझा पाय धरून गुडघा वर, गुडघा वर, असं तुला बजावत होतं आणि बजावता बजावता स्वतःच शिकलं. मी म्हणालो, ही नाटकं आहेत. तू म्हणालीस, "हो, पण उद्या येईल तो." आणि तो तुझा तीन दिवसांचा नियम. कोणी सलग तीन दिवस आलं नाही की चौथ्या दिवशी सगळा क्लास पळत त्याच्या घरी. दारासमोर रांगा लावायच्या आणि कोरियन आकडे म्हणत तिथेच व्यायाम सुरू. हाना, दुल, सेत, नेत. गल्लीतली कुत्री भुंकायची, आजीबाई बाहेर येऊन विचारायच्या की कोणाची मिरवणूक आहे, आणि ते लपलेलं पोरगं दाराआडून बघून शेवटी ड्रेस घालून यायचं. मी चिडवायचो की ही वसुली झाली, शिकवणी नव्हे. नियमाचा उगम कुठे आहे हे मला तेव्हा सुचलं नाही. ज्योतीच्या दारात कोणी गेलं नव्हतं, इतकी सरळ गोष्ट होती. ती कुठे असते, तुझा तिच्याशी संबंध होता का, हे विचारायचं राहून गेलं.

जळगावच्या दवाखान्यात शेवटचा भेटलो तेव्हा केळी घेऊन आलो होतो. "सर, केळीवाल्याच्या पोरीला केळी?" असं म्हणून हसलीस. हसताना दम लागला. हातांची काडी झाली होती. ज्या हातांनी तू फळी फोडायचीस त्यांना पाण्याचा पेला उचलेना. मला बघवलं नाही म्हणून खिडकीपाशी उभा राहिलो. तू म्हणालीस, "पुढच्या महिन्यातली टेस्ट तुम्ही घ्या. पोरं वाट बघताहेत." मी म्हणालो, "घेईन, पण माझ्या पद्धतीनं." एवढ्यातही मला आपलं भांडण जिंकायचं होतं, बघ. तू म्हणालीस, "घ्या. नापासही करा. फक्त कारण सांगा त्याला. कारण कळलं की पोरगं परत येतं."

खोलीत आपण दोघंच होतो. प्रवीण औषधं आणायला गेला होता. चोवीस वर्षांत यापेक्षा चांगली वेळ आली नव्हती. मी म्हणालो, "हा पंखा फार आवाज करतो, नाही?" तू डोळे वर करून पंख्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "हो, करतो."

पाच दिवसांनी तू गेलीस.

रविवारी सकाळी भुसावळहून गाडी पकडून पाचोऱ्याला उतरलो. शाळेच्या मैदानावर गेलो तर चिटपाखरू नाही. माझा पारा चढला. मॅडम नाहीत तर शिस्त संपली, असं स्वतःशी म्हणत प्रवीणला फोन लावला. तो म्हणाला, "सर, सगळे इकडे आहेत. तुम्ही घरीच या."

तुझ्या गल्लीत शिरलो तर सगळा क्लास पांढऱ्या ड्रेसात तुझ्या दारासमोर रांगेत उभा होता. घामानं निथळत होते. मैदानावरून पळत आले होते. दोन्हीकडच्या ओट्यांवर बायाबापड्या बसलेल्या. मी रागानं विचारलं, हे काय? पहिल्या रांगेतली खुशी, तुझी ती नऊ वर्षांची विद्यार्थिनी, पुढचे दोन दात पडलेली, मला तिच्या अहिराणीत समजावून सांगायला लागली. "सर, नियम शे ना. तीन दिन कोनी उनं नही ते त्याना घर जावानं. मॅडम जळगावले व्हत्यात, तठलोंग पळता येस नही. आते त्या घर शेतस." तीन दिवस न आलेल्याच्या घरी जायचं हा नियम; जळगावपर्यंत पळणं शक्य नव्हतं, आता मॅडम घरी होत्या.

प्रवीणनं तुझा फोटो उंबऱ्याजवळ स्टुलावर ठेवला होता. ब्लॅक बेल्टच्या दिवशीचा. मी फोटोकडे बघायचं टाळलं; प्रवीणही दार धरून उभा होता आणि त्याचीही अवस्था बरी नव्हती. मग मी ओट्यावर बसलो, मार्कांचा कागद मांडीवर घेतला आणि म्हणालो, "ठीक आहे. इथेच घेऊ."

आठव्या नंबरला खुशी. पांढरा बेल्ट, पिवळ्यासाठी. सोळा हालचालींपर्यंत नीट होतं म्हणायला हवं, पण सतरावीच तर ते वळण. ती बावरली आणि डावीकडून गेली. पाऊण फेरी. माझ्या तोंडून जुन्याच आवाजात निघालं, "परत कर." परत तशीच. मग ती सरळ रडायलाच लागली. माझं पेन कागदावर टेकलेलं होतं. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक मोठी मुलगी तिला म्हणाली, "रडू नको व, खुशी. मॅडमना सर बी बारा वरीस लांबून वळेत."

मी पेन उचललं. त्या मोठ्या मुलीला जवळ बोलावून विचारलं, काय सांगायच्या मॅडम? ती घाबरली नाही. सगळ्यांनाच माहीत होतं, तिला वाटलं मलाही माहीत असणार. "त्यास्ना पुस्तकमा फोटो व्हतात. फोटोमा वळेल दिसस नही, म्हनीसन ते लांबून वळेत. पन रोज सकाळे साडेपाचले हॉल उघाडेत, एक दिन बी खाडा करा नही. मॅडम सांगेत, चुकी जो करस तो बी रोज उना ते सर व्हस." चुकणाराही रोज आला तर सर होतो, असं तू त्यांना सांगायचीस. मग तिनं मला नीट निरखलं आणि विचारलं, "ते सर तुम्हीच शेतस का?"

हर्षदा, मी इतकी वर्षं एक गोष्ट तुझ्यापासून लपवत होतो आणि तू ती पाचोऱ्याच्या पोरांना धीर द्यायला वापरत होतीस. नापास झाल्याची गोष्ट त्यांना सांगितली नव्हतीस. हे मी पोरांना विचारून घेतलं. नियम बदलल्याचं खोटंही सांगितलं नव्हतंस. माझी चूक सांगितलीस आणि माझं पाप झाकलंस. कसं म्हणून आभार मानू? मला राग आला तुझा, हेही लिहून ठेवतो. एकदा तरी तोंडावर बोलायचं होतंस. मी वाट बघत होतो की तू बोलशील आणि तू वाट बघत होतीस की मी बोलेन, आणि तू माझ्याहून सत्तावीस वर्षांनी लहान, म्हणून मी वेळ आहे असं धरून चाललो.

मी उभा राहिलो आणि तुझ्या दारात, तुझ्या फोटोकडे बघून, पोरांना सांगितलं. "हो, तो सर मीच. तुमच्या मॅडम बारा वर्षांच्या होत्या तेव्हा मी त्यांना नापास केलं. त्यांचं बरोबर होतं, माझं चुकत होतं. पुढे मला ते कळलं. तेव्हा मी नियम बदलला म्हणून सांगितलं. नियम बदलला नव्हता." मला वाटलं, पोरं आता माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघतील. खुशीनं बाहीनं नाक पुसलं आणि विचारलं, "मंग मॅडम पास का नापास?"

"पास," मी म्हणालो. प्रवीण आत निघून गेला.

त्या दिवशी मी दोघांना नापास केलं. हो, केलं. प्रत्येकाला शेजारी बसवून कारण सांगितलं, काय चुकलं, का चुकलं, दुरुस्त कसं होईल. सोमवारी दोघंही क्लासला आले, असं प्रवीणनं कळवलं. भांडण कोण जिंकलं ते तू ठरव.

खुशीला मी म्हणालो, "आता मी दाखवतो, नीट बघ." त्रेसष्ट वर्षांचे गुडघे, अनवाणी, सिमेंटचा रस्ता. पहिल्यापासून सुरुवात केली. पोरं आकडे म्हणत होती. ठोसे बरे पडले, लाथ कमरेच्या वर गेली, ओट्यांवरच्या बायकांनी मान डोलावली. शेवटच्या वळणापाशी आलो. समोर तुझं दार आणि तुझा फोटो. डोळ्यांत पाणी होतं, धड दिसत नव्हतं. एकोणीस वर्षं मी बरोबर वळत आलोय, शेकडो पोरांना बरोबर शिकवलंय. पण त्या दिवशी शरीराला जुनं तेच आठवलं. मी डावीकडून गेलो. पाऊण फेरी.

तसाच थांबलो. कोणीही हसलं नाही. खुशी रांग सोडून माझ्यापाशी आली. माझी बाही धरून तिनं मला जिथून वळायचं होतं तिथे नेऊन उभं केलं, आणि तू त्यांना म्हणायचीस अगदी त्याच आवाजात म्हणाली, "काही नही व्हस, सर. परत दखाडा."

मी परत दाखवलं.